गाळाला हवा लागली

पन्नाशीला टेकलेल्या बाईला भिंगरी म्हणणं शोभत नाही हे खरं, पण या बाईला दुसरं काही म्हणणं कुणाला जमलेलं नाही. नाव बापानं ठेवलं, कारण पोर एका जागी ठरायची नाही. पुढे ती शिकली, रसायनशास्त्रात मोठी पदवी घेतली, पालिकेच्या प्रयोगशाळेत धातू विभागाची प्रमुख झाली, दारावर नावाची पाटी लागली. मग एक दिवस बाप विसरलेला डबा द्यायला आला आणि त्यानं व्हरांड्याच्या टोकावरून अशी खणखणीत हाक मारली की भांडी धुणाऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळ्यांना खरं नाव कळलं. पाटी अजून आहे. ती कुणी वाचत नाही एवढंच.

तिचं काम म्हणजे माती, धूळ, गाळ यांच्या पोटात कुठला धातू दडलाय ते बाहेर काढणं. यात काय एवढं, आम्लात उकळायचं आणि मोजायचं, असं तिला पहिल्या भेटीत म्हणणारा माणूस दुसऱ्या भेटीला येत नाही. "धातू आहे ही बातमी नाही," ती म्हणते. "तो कसा बसलाय ही बातमी आहे." काही धातू मातीत दारातल्या पाहुण्यासारखे असतात, चपला न काढता टेकलेले, जरा खुट्ट झालं की निघाले. काही आतल्या खोलीत कडी लावून झोपलेले. म्हणून ती पायरीपायरीनं जाते. आधी अगदी सौम्य आम्ल, व्हिनेगरमध्ये भरपूर पाणी घातल्यावर उरेल इतपतच. मातीला त्यात टाकून बाटली रात्रभर हलत ठेवायची आणि कोण सहज सुटून येतं ते बघायचं. मग गंजाचा थर विरघळवणारं द्रावण. मग सडका पाला आणि गंधक जाळून टाकणारं. आणि सरतेशेवटी जहाल आम्लांचं उकळतं मिश्रण, ज्याच्यापुढे कुणाची कडी टिकत नाही. पहिल्या पायरीला सुटतो तो खरा धोक्याचा. उद्या पाण्यात, मुळात आणि ताटात जायला तोच मोकळा असतो.

या कामापायी तिनं घरादाराला वेठीला धरलं आहे. अंगठी ती घालत नाही. हाताला क्रीम लावून कुणी तिच्या खोलीत पाऊल टाकलं तर त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवते, कारण क्रीममधलं जस्त तिच्या बाटलीत उतरतं. नवरा बिचारा सांधेदुखीचं मलम लावतो तेही गॅलरीत उभा राहून. घरच्या बाटल्यासुद्धा ती तीनतीनदा विसळते. तिच्या सासूबाई असत्या तर पाण्याच्या बिलावरून महाभारत झालं असतं, असं नवरा म्हणतो, आणि ती हसून चौथ्यांदा विसळते.

तर या भिंगरीकडे तळं आलं.

वस्तीच्या टोकाला एक जुनं तळं होतं आणि ते गाळानं भरत आलं होतं. तळ्यापलीकडे पालिकेनं लोकांना भाजी लावायला वाटून दिलेले वाफे होते, त्यातले दोन भिंगरीच्या बापाचे. पालिकेच्या बागखात्याच्या साहेबांच्या डोक्यात एक झकास विचार आला. तळं उपसायचं, गाळ वाफ्यांवर पसरायचा. तळंही मोकळं, वाफेही सुपीक, आणि गाळ कुठे न्यायचा ही डोकेदुखी नाही. फक्त वरच्या बाजूला कधीकाळी धातूंचा मुलामा देणारा कारखाना होता, तेव्हा एकदा तपासून घ्या म्हणाले.

तपासायला घेतलं तर गाळात मुलाम्याच्या कामातलं विषारी कॅडमियम निघालं, आणि बरंच. पण भिंगरीचा प्रश्न ठरलेला. कसं बसलंय?

आता इथं तिची खासियत आली. तळ्याच्या बुडाशी हवा पोचत नाही. तिथला गाळ काळाकुट्ट असतो आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, कारण गंधक त्यात कॅडमियमला घट्ट मिठी मारून बसलेलं असतं. हा गाळ वर काढून नेहमीसारखा वाळवला की हवा लागून ती मिठी सुटते, आणि आकडे चुकतात. बहुतेक जण इथंच फसतात. भिंगरी फसणारी नव्हती. तिनं जाड पारदर्शक प्लास्टिकचा एक तंबू शिवून घेतला, त्याला हात घालायला हातमोजे चिकटवले, आत नायट्रोजन सोडला, आणि ठरवलं की तळ्यातून निघाल्यापासून यंत्रात जाईपर्यंत या गाळाला हवेचा वारासुद्धा लागू द्यायचा नाही. तंबूच्या सगळ्या शिवणी तिनं स्वतः चिकटपट्टीनं बंद केल्या. त्या तंबूचा तिला इतका अभिमान होता की आल्यागेल्याला चहाआधी तंबू दाखवला जाई.

गाळ काढायला होडी मिळाली, नावाडी मिळाला नाही. तेव्हा बाप पुढे सरसावला. जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस. "बस काय आणि होडी काय," तो म्हणाला, "वळवायचं कळलं की झालं." तळ्याच्या मधोमध भिंगरी नळी गाळात खुपसत होती, वर काढताच दोन्ही तोंडं बुचानं बंद करत होती, आणि बाप वासानं नाक दाबून विचारत होता, "हे सोनं आम्हाला मिळणार का गं वाफ्याला?"

"आधी तपासू द्या, बाबा."

तपासलं. पहिल्या पायरीला कॅडमियम जवळजवळ शून्य. सगळं तिसऱ्या पायरीला, गंधकाच्या कुशीत, कडी लावून झोपलेलं. इतके सुरेख आकडे तिनं वर्षानुवर्षांत पाहिले नव्हते. तिनं अहवालावर सही ठोकली. कॅडमियम घट्ट बांधलेलं आहे, सहज सुटत नाही, गाळ वापरायला हरकत नाही. बापाला फोनवर सांगितलं, "बिनधास्त घाला."

बाप कसला थांबतो. पालिकेच्या बैठका होईपर्यंत त्यानं, बागखात्यानं उपसून तळ्याकाठी ठेवलेल्या ढिगातून, दोन बादल्या गाळ उचलला, एका वाफ्यात पसरला आणि पालक लावला. शेजारच्या वाफ्यात, जुन्या मातीत, त्याच दिवशी तोच पालक, म्हणजे फरक लोकांना दिसावा. आणि फरक दिसला हो. गाळातली पानं तळहाताएवढी झाली. बाप वाफ्यांवर येणाऱ्या प्रत्येकाला धरून आणायचा, पानं दाखवायचा आणि सांगायचा, "माझ्या मुलीनं पास केलाय गाळ. तिच्या हातून डाळीतला खडासुद्धा सुटत नाही." ज्यांना गाळाची धास्ती होती ती माणसं या बोलण्यावर तयार झाली. वाफेवाल्यांची गाळाला संमती होती ती बापाच्या जिभेमुळे, आणि बापाच्या जिभेला बळ होतं ते भिंगरीच्या सहीचं.

तीही एकदा वाफा बघायला गेली. खाली वाकून माती चिमटीत घेतली. काळा गाळ कसा छान तपकिरी, भुसभुशीत झाला होता. वासही गेला होता. "बाबा, काय सुंदर माती झाली," ती म्हणाली आणि दोन जुड्या घेऊन घरी आली.

मग जोडून सुट्ट्या आल्या. सुट्ट्यांआधी वजनकाट्याचा प्रमुख तंबूत एक वाटी तोलून ठेवायला गेला. याला सगळे तराजूराव म्हणतात. माणूस सज्जन, सावकाश, आणि विसरभोळा. तो तंबूच्या दाराची चेन लावायला विसरला आणि गावाला निघून गेला. सुट्ट्या संपून भिंगरी खोलीत शिरली तर तंबू आ वासून उभा, आणि आत वाटीतला गाळ, जो तिनं फेरतपासणीसाठी जिवापाड जपला होता, वाळून तपकिरी पडलेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तराजूराव येताच तिनं त्याला धारेवर धरलं.

"अहो, हा नमुना गेला. संपला. आता कशाचीच फेरतपासणी नाही."

"एवढं काय मॅडम, थोडी हवाच लागली ना," तराजूराव म्हणाला.

हे वाक्य त्यानं बोलायला नको होतं. किंवा असंही म्हणता येईल की त्याच्या उभ्या नोकरीत त्यानं याहून मोलाचं वाक्य उच्चारलं नाही. "थोडी हवा?" भिंगरी म्हणाली. "थांबा. थोड्या हवेनं काय होतं ते तुम्हाला दाखवतेच." फेकून द्यायचा तो गाळ तिनं निव्वळ रागापोटी पहिल्या पायरीला लावला. सौम्य आम्ल, रात्रभर बाटल्या हलवणारं यंत्र. एवढ्यावर ती घरी गेली, आणि जेवताना नवऱ्याला तराजूरावाची सगळी कुंडली ऐकवली.

सकाळी ती आली तीच घाईनं. द्रावण गाळलं, यंत्राला लावलं. तराजूरावाला शेजारच्या स्टुलावर बसवलं, म्हणजे धडा नीट गिरवला जावा. यंत्रातली ज्योत पेटली आणि आकडे पडद्यावर येऊ लागले. पहिला आकडा बघून ती पुढे झुकली. दुसऱ्याला उभी राहिली. सुट्ट्यांआधी जिथे यंत्राला कॅडमियमची चाहूलसुद्धा लागत नव्हती, तिथे आता निम्म्याहून जास्त कॅडमियम पहिल्याच पायरीला बाहेर आलं होतं. सगळी झोपलेली मंडळी चपला घालून दारात.

"काही सांडलं असेल का?" तराजूराव घाबरून म्हणाला.

तिलाही तेच वाटलं होतं. तिनं गाळ न घालता सगळ्या पायऱ्यांतून नेलेली रिकामी बाटली तपासली. स्वच्छ. ज्याचं उत्तर आधीच ठाऊक असतं तो विकत आणलेला प्रमाण गाळ तपासला. उत्तर अचूक. पुन्हा एकदा सगळं यंत्रातून काढलं. तेच आकडे, तसेच उंच. आणि तिला आनंद झाला. इतका लख्ख, इतका देखणा बदल, तो तिच्या डोळ्यांसमोर. तिनं तराजूरावाच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाली, "बघितलंत? ही तुमची थोडी हवा. काळा होता तोवर मुठीत, तपकिरी झाला की..."

वाक्य तिथंच राहिलं.

तपकिरी. छान तपकिरी, भुसभुशीत. हा रंग तिनं चिमटीत धरून पाहिला होता आणि त्याचं कौतुक केलं होतं.

गाळाला हवा लागू नये म्हणून तिनं जंग जंग पछाडलं होतं. तंबू शिवला, शिवणी बुजवल्या, नायट्रोजन सोडला. आणि तो गाळ जाणार होता कुठे? वाफ्यावर. उघड्यावर. उन्हात, वाऱ्यात, फावड्यानं वरखाली करून. ज्या हवेपासून तिनं गाळाला इतकं जपलं त्याच हवेत त्याचा उरलेला सगळा जन्म जायचा होता. तिचे आकडे बरोबर होते. तळ्याच्या बुडाशी पालक लावायचा असता तर तिची सहीही बरोबर होती.

त्याच वेळी बापाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह. "अगं, आज येतोय गाळ. दुपारी पहिला डंपर. सगळे जमतायत, मी फावडं धुऊन ठेवलंय. तू ये, साहेब तुझं नाव काढत होते."

"बाबा, येते," ती म्हणाली. एवढंच म्हणाली, कारण हातात वाटीतला गाळ होता, पान नव्हतं, आणि नुसत्या वाटीवर साहेब डंपर थांबवणार नाहीत हे तिला कळत होतं. मग तिला आपला फ्रिज आठवला. गेल्या आठवड्यात बापानं मुद्दाम दोन जुड्या दिल्या होत्या. ही जुन्या मातीतली, ही गाळातली, दोन्ही खाऊन फरक सांग म्हणाला होता. एकेक मूठ अजून शिल्लक होती.

त्यानंतर तिनं जे केलं त्याला धावपळ म्हणणं म्हणजे वादळाला झुळूक म्हणणं. नवऱ्याला फोन केला, तो रिक्षानं दोन्ही जुड्या घेऊन आला, हाताला मलमाचा वास येत होता म्हणून त्यानं पिशवी शहाण्यासारखी दारातच ठेवली. पानं धुतली, वाळवली, तराजूरावानं तोलली, आणि या खेपेला त्यानं प्रत्येक झाकण दोनदा लावलं. तीव्र आम्लात बंद भांड्यात तापवली. हिरवी पानं पाण्यासारखी नितळ झाली. भिंगरी यंत्रासमोर येरझाऱ्या घालत होती. मनात एक प्रार्थना होती, पान कोरं निघू दे, बाबांची पानं कोरी निघू देत. आणि दुसरीकडे, तिलाच तिची लाज वाटली, आकडा बघायची हावही तेवढीच होती. जन्मभर हे काम केलेल्या माणसाला असंच होतं. दोन्ही खरं होतं.

आकडा आला. गाळातल्या पालकात जुन्या मातीतल्या पालकाच्या आठपट कॅडमियम.

दोनचार जुड्यांनी कुणी आडवं पडत नाही, हे ती स्वतःला सांगत राहिली आणि ते खोटं नव्हतं. पण वर्षानुवर्षं ताटात येत राहिलं तर ते मूत्रपिंडात साठत जातं आणि परत निघत नाही. वाफ्यांवरची माणसं वर्षानुवर्षंच खाणारी होती.

ती वाफ्यांवर पोचली तेव्हा डंपर फाटकाशी उभाच होता. फावडी घेतलेली माणसं, मधोमध साहेब, आणि सगळ्यात पुढे बाप. धुतलेला शर्ट घालून.

"या मॅडम, तुमचीच वाट पाहत होतो," साहेब म्हणाले. "तुमच्या हस्ते पहिलं फावडं."

"हा गाळ टाकायचा नाही," भिंगरी म्हणाली.

साहेबांना आधी ती गंमत वाटली. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला. "तुमचीच सही आहे ना? घट्ट बांधलेलं आहे, सुटत नाही."

"तळ्यात असेपर्यंत. इथे हवा लागली की सुटतं. मी तळ्यातला गाळ तपासला, तुम्हाला वाफ्यातला हवा होता. तो मी तपासलाच नाही. चूक माझी आहे."

"हे लेखी द्या, मग बघू," साहेब म्हणाले. "माझे डंपर खोळंबलेत. आणि मॅडम, या गाळात पिकलेला पालक आम्ही सगळ्यांनी खाल्लाय. तुमच्या वडिलांनीच दिला. कुणाला काही झालं?"

लोक कुजबुजले. एक बाई म्हणाल्या, "अहो, आजोबा तर म्हणाले होते मुलीनं पास केलाय." कुणीतरी हसलं. बापाची मान वळली नाही. तो नुसता भिंगरीकडे बघत होता.

"तोच पालक तपासून आले," ती म्हणाली. ती बापाकडे वळली. "बाबा, दोन्ही जुड्या. तुम्ही फरक विचारला होता ना? गाळातल्या पानात आठपट आहे. मी तुम्हाला बिनधास्त घाला म्हणाले. तुम्ही सगळ्यांना सांगत फिरलात, आणि मी तुम्हाला सगळ्यांपुढे तोंडघशी पाडलं."

बापानं फावडं फाटकाला टेकवून ठेवलं. मग तो आपल्या वाफ्याकडे चालत गेला, गुडघे दुखतात म्हणून आधी एक हात टेकून सावकाश खाली बसला, आणि त्यानं पालक उपटायला सुरुवात केली. तळहाताएवढी पानं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पीक. एकेक रोप तो मुळासकट काढून पोत्यात टाकत होता. कुजबुज थांबली. ज्या बाई बोलल्या होत्या त्या मागे सरल्या आणि त्यांनी आपलं फावडं खाली ठेवलं. त्यांचं बघून दुसऱ्यानं ठेवलं.

साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि डंपरवाल्याला हात केला. "मागे घे. तळ्यावर थांब, सांगतो."

डंपर गुरगुरत मागे सरकू लागला. भिंगरी बापाशेजारी मातीतच बसली. बापानं शेवटचं रोप उपटलं, हात झटकले आणि एकदाचं तिच्याकडे बघितलं.

"चिडलात ना, बाबा?" तिनं विचारलं.

"चिडलोय," तो म्हणाला. "पालक तुला परत तपासायला लागेल ना? नुसती पानं हवीत की मुळंपण?"

"मुळंपण," ती म्हणाली, आणि डोळे पुसता पुसता तिचं डोकं पुन्हा चालू झालं. "आणि त्याखालची माती. वरची वेगळी, खोलातली वेगळी."

बापानं खिशातून दोन प्लास्टिकच्या पिशव्या काढल्या, एकीत वाफ्यातली तपकिरी माती भरली, मग फाटकाशी डंपरमधून सांडलेला काळा गाळ दुसरीत भरून आणला आणि दोन्ही पिशव्या तिच्यासमोर धरून उभा राहिला.

"ही काळी," त्यानं विचारलं, "गच्च बांधू, की उघडी ठेवू?"

हा प्रश्न तिला तंबू शिवायच्या आधी पडायला हवा होता.

"अर्धी बांधा, बाबा," भिंगरी म्हणाली. "अर्धी उघडी ठेवा."